जेवणाचं भान

३ फेब्रुवारी

रोज चार ओळी लिहिल्याने विचारांना शिस्त लागते, असं मी वर्गात नेहमी सांगतो. आज एका बाईने विचारलं, "सर, तुम्ही लिहिता का?" मी "अर्थात" म्हटलं. म्हणून घरी येताना ही वही घेतली.

आजपासून बटणांच्या कारखान्यातल्या बायकांची तुकडी सुरू झाली. कारखाना बंद पडला, बटणं आता दुसरीकडून स्वस्त येतात. अठरा जणी आहेत. सगळ्यांनी वर्षानुवर्षं एकच काम केलं, पट्ट्यावरून वाहत येणाऱ्या बटणांतली फुटकी वेचून बाजूला काढायची. आमच्या विभागीय रोजगार आणि प्रशिक्षण केंद्राने त्यांना दुसऱ्या कामाजोगं करायचं, आणि ज्यांना माणसं हवीत त्यांना ती मिळवून द्यायची. केंद्र टायरच्या दुकानाच्या वर आहे. मी मुलाखत तंत्र शिकवतो.

या अठरांत माझी ताईही आहे. आई-वडील गेल्यावर तिनेच मला वाढवलं आणि शिकवलं. लग्न तिने केलं नाही, मीही नाही. आम्ही दोघंच राहतो. "केंद्रात कोणी नातेवाईक आहे का" या प्रश्नापुढे तिने अर्जात "भाऊ, धाकटा" असं लिहिलं. धाकटा लिहायची गरज नव्हती.

घरी ती मला "अरे" म्हणते. वर्गात "सर" म्हणायचं असं ठरलं आहे. ती "सर" म्हणाली की तिच्या शेजारची बाई खाली मान घालून हसते. कारखान्यात या बाईला सगळ्या रेडिओ म्हणायच्या. का, ते विचारावं लागलं नाही.

६ फेब्रुवारी

आजचा पाठ: "तुमचा एक दोष सांगा." मुलाखतीतला हा सगळ्यात अवघड प्रश्न. आधी प्रत्येकीला मनाने उत्तर द्यायला सांगितलं. रेडिओ म्हणाली, "मी फार बोलते." दुसरी म्हणाली, "मला सकाळी जाग येत नाही." तिसरीने तिच्या धाकट्या जावेविषयी सांगायला सुरुवात केली आणि तास संपत आला तरी ती जावेच्या माहेरापर्यंतच पोहोचली होती.

मी समजावलं, दोष असा सांगायचा की ऐकणाऱ्याला तो गुण वाटला पाहिजे. आणि माझं नमुना उत्तर फळ्यावर लिहिलं: "काम करताना मला जेवणाचं भान राहत नाही."

हे वाक्य मूळ ताईचं. मी कॉलेजात होतो तेव्हा ती सकाळी डबा भरून माझ्या हातात द्यायची आणि कारखान्यात जायची. संध्याकाळी मी विचारायचो, "दुपारी काय खाल्लंस?" ती म्हणायची, "अरे, कामात जेवणाचं भानच राहिलं नाही." रोज हेच. पुढे मी माझ्या मुलाखतीत हे वाक्य जसंच्या तसं ठेवून दिलं आणि ही नोकरी लागली. कामावर एवढी निष्ठा असलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

वर्गात मी नाव न घेता सांगितलं की हे वाक्य एका आदर्श कामगार स्त्रीचं आहे. रेडिओ म्हणाली, "सर, हे मी कुठंतरी ऐकलंय बरं का." ताईने तिला कोपर मारलं आणि खिडकीतून टायरच्या दुकानाकडे बघत बसली. स्तुती तिला कधीच सोसत नाही.

१२ फेब्रुवारी

शहराबाहेर नवी लाँड्री निघाली आहे. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुवायच्या, वाफेच्या रोलरमधून काढायच्या, दोघींनी मिळून घड्या घालायच्या. मॅनेजर स्वतः केंद्रात आले. स्वच्छ माणूस, टेबलावर बोट फिरवून बघितल्यावरच हात टेकला. सगळी तुकडी घ्यायची तयारी आहे म्हणाले, मात्र प्रत्येकीची मुलाखत स्वतः घेणार.

ते गेल्यावर आमच्या संचालक मॅडम म्हणाल्या, "ही तुकडी कामाला लागली नाही तर वरचे लोक हे केंद्र बंद करतील. मग तुम्ही आणि मी मुख्य कार्यालयात शिक्के मारत बसू." मी म्हटलं, माझ्या पद्धतीवर विश्वास ठेवा. मॅडम म्हणाल्या, "दुसरा इलाजच नाही."

१८ फेब्रुवारी

अठराच्या अठरा निवडल्या गेल्या. मॅनेजर हातात हात घेऊन म्हणाले, "अशी माणसं हल्ली मिळत नाहीत." मॅडमनी सगळ्यांना बिस्किटं वाटली, मला पुडाच दिला.

घरी ताईला विचारलं, "कशी झाली?"

"बरी झाली. दोष विचारला."

"मग?"

"फळ्यावरचा सांगितला."

"आणि बाकीच्यांनी?"

"त्यांनीही तोच. तू एकच तर शिकवलास."

अठरा जणींनी एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही. पालथ्या घड्यावर पाणी, अशी ज्यांच्याविषयी सुरुवातीला शंका होती, त्यांच्याकडून हे झालं. पद्धतीचं यश म्हणायला हरकत नाही.

१ मार्च

आजपासून बायका कामावर जायला लागल्या. ताईची शुगर गेल्या वर्षी निघाली. सकाळी गोळी, आणि जेवण वेळच्या वेळी झालंच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. तिने आता दोन डबे भरले, एक माझा, एक तिचा. तिच्या डब्याचं झाकण सैल होतं, म्हणून त्याला रबर लावून दिलं.

८ मार्च

मॅनेजरांचा फोन. फार खूश आहेत. म्हणाले, "तुमच्या बायकांच्या स्वभावाला धरून एक बदल केलाय. सगळ्यांनीच सांगितलं होतं की कामात त्यांना जेवणाचं भान राहत नाही. मग चाळीस मिनिटांची सुट्टी देऊन त्यांचा खोळंबा कशाला करायचा? आता दहा मिनिटं ठेवलीत. जेवायच्या खोलीत धुतलेल्या चादरी ठेवतो. ट्रॉलीपाशी उभ्याउभ्या दोन घास घेतात, की परत कामाला."

मी आभार मानले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आभार मानायची ही जागा नव्हती.

माणसाने शिकवलेलं इतकं मनावर घेणारा मालक भेटेल, हे मी पाठात धरलेलं नव्हतं. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. हात मात्र माझा, आणि अवलक्षण अठरा जणींचं.

१० मार्च

ताई याविषयी अवाक्षर काढत नाही. आज तिचा डबा धुवायला घेतला तर अर्ध्याहून जास्त तसाच होता. विचारलं, "जेवली नाहीस?"

"अरे, कामात भानच राहिलं नाही."

"खरंच?"

"नाहीतर काय खोटं सांगतेय?"

म्हणजे बाकीच्यांचं काही असो, ताईच्या बाबतीत ते वाक्य खरंच आहे. थोडं बरं वाटलं. फार नाही.

१४ मार्च

केंद्रात असतानाच रेडिओचा फोन आला, "सर, घरी या." गेलो तर ताई पलंगावर. लाँड्रीत चादर धरूनच खाली बसली म्हणे. डोळ्यांपुढे अंधारी आली. रेडिओ तिला रिक्षातून घेऊन आली होती आणि पहिल्यांदाच मी तिला गप्प बघत होतो.

डॉक्टर म्हणाले, शुगर एकदम उतरली. गोळी घेऊन पोट रिकामं ठेवायचं म्हणजे जिवाशी खेळ. रोज वेळेवर, बसून, सावकाश जेवायचं. नाहीतर पुढच्या वेळी रिक्षाने भागणार नाही.

जाताना रेडिओला तोंड फुटलं. दारात उभी राहून म्हणाली, "दहा मिनिटांतली पाच हात धुवायला रांगेत जातात. हिला उभ्यानं गिळवत नाही. आम्ही सांगितलं, साहेबांना सांग. तर म्हणते, काय सांगू, आपणच मुलाखतीत सांगितलंय. आता भावाचं नाव खराब करू का?"

मला भीती वाटली. हे लिहायला सोपं वाक्य आहे, पण दुसरं सुचत नाही.

ताईला म्हटलं, नोकरी सोड. ती म्हणाली, "सोडून काय करू? घरात बसून फुटकी बटणं वेचू? मला ते काम आवडतं रे. पांढऱ्या चादरी, गरम, दोघींनी धरायच्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मोठं हातात आलंय."

१७ मार्च

मॅनेजरांना खरं सांगायचं ठरवून गेलो. वाक्य माझं होतं, बायकांचं नव्हतं, सुट्टी परत द्या. वाटेत तीनदा घोकलं.

त्यांनी चहा मागवला आणि आपणहून सुरू केलं. गेल्या आठवड्यात दोन माणसं काढली. इस्त्रीचं यंत्र येतं असं मुलाखतीत सांगितलं होतं आणि येत नव्हतं. "काम नाही आलं तर शिकवता येतं," मॅनेजर म्हणाले. "पण मुलाखतीत खोटं बोललेला माणूस मी संध्याकाळपर्यंत ठेवत नाही. तुमच्या बायकांचं मला म्हणूनच कौतुक. अठरा जणींनी दोष मोकळेपणाने सांगितला."

मी चहा प्यालो. कपात काही उरलं नव्हतं तरी आणखी एकदा प्यालो. मग नमस्कार करून आलो.

बोललो असतो तर अठरा जणी संध्याकाळपर्यंत घरी. न बोललो तर ताई परत चादर धरून खाली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ताई उद्यापासून कामावर जाणार म्हणते. मी नको म्हटलं. तिने माझ्या म्हणण्याला आजवर जेवढी किंमत दिली आहे तेवढीच आजही दिली.

२३ मार्च, रविवार

रेडिओ घरी आली होती. दोघी भाजी निवडत बसल्या, मी समोर कागद घेऊन.

रेडिओ म्हणाली, "सर, सरळ सांगा ना त्यांना, दोष होता, आता गेला."

ताई म्हणाली, "गेला कसा? दोष असा आपोआप जातो होय? त्यासाठी प्रशिक्षण लागतं. विचार सरांना." आणि दोघी इतक्या हसल्या की निवडलेली भाजी परत देठांत मिसळली.

हसण्यासारखं त्यात काय होतं कळलं नाही. पण त्यांचं हसणं चालू असताना मला एक कल्पना सुचली. खोटं कबूल करायची गरजच नाही. दोष आहे. दोषावर प्रशिक्षण असतं. प्रशिक्षण हे माझं क्षेत्र आहे.

ताईला कल्पना सांगितली. ती भाजी पुन्हा निवडायला घेत म्हणाली, "छान सुचलं तुला."

२६ मार्च

संचालक मॅडमपुढे प्रस्ताव ठेवला: "कार्यस्थळी जेवणाचे भान: सुधार प्रशिक्षण." कालावधी तीन आठवडे, रोज चाळीस मिनिटं, दुपारी, लाँड्रीच्याच जागेत. साहित्य: प्रत्येकीने आपला डबा आणावा. स्वरूप: प्रात्यक्षिक.

मॅडमनी दोनदा वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही हे गंभीरपणे लिहिलंय?"

"हो."

"म्हणूनच मंजूर होईल," म्हणाल्या आणि सही केली.

२८ मार्च

मॅनेजर तयार झाले. ताई खाली बसली तेव्हा ती चादर जमिनीला लागली होती आणि पुन्हा धुवावी लागली, हे त्यांच्या मनात राहिलं होतं. "दोष मोकळेपणाने सांगतात आणि सुधारायचीही तयारी आहे," म्हणाले. "आमच्याकडे ही वृत्ती वरच्या लोकांतही नाही."

त्यांच्या दोन अटी. शेवटी तोंडी परीक्षा घ्यायची, आणि ते स्वतः समोर बसणार. आणि परीक्षेत दोषाचं मूळ कारण विचारायचं. मूळ कारण कळल्याशिवाय डाग जात नाही, असं त्यांचं मत आहे. मी दोन्ही मान्य केल्या.

१ एप्रिल

पहिलं प्रात्यक्षिक. खोलीतल्या चादरी हलवल्या, बाकं मांडली. मी हजेरी घेतली आणि "सुरू करा" म्हटलं.

बायकांनी सवयीने दहा मिनिटांत डबे संपवले आणि उठल्या. मला सगळ्यांना नापास करावं लागलं.

एक जण म्हणाली, "सर, पोट भरलं की."

"पोट भरणं हे या अभ्यासक्रमाचं उद्दिष्ट नाही," मी म्हटलं. "भान हे आहे. बसा." बसल्या. उरलेल्या अर्ध्या तासात पहिल्यांदा शांतता, मग रेडिओ. धाकट्या जावेची गोष्ट आज माहेरच्या पुढे गेली.

४ एप्रिल

प्रगती चांगली. ताई सावकाश जेवते. घास मोजण्याचा मोह होतो, पण निरीक्षकाने तटस्थ राहावं. डबा रिकामा. पुढच्या रकान्यात "उत्कृष्ट" लिहिलं. नातं मध्ये येऊ नये म्हणून मॅडमना फोन करून विचारलं, हे पक्षपाताचं तर होणार नाही ना? त्या म्हणाल्या, "अहो, जेवली ना ती? मग लिहा."

१० एप्रिल

मॅनेजर निरीक्षणाला आले. एका बाजूला उभे राहिले. मी सांगितलं, उभ्याने प्रात्यक्षिकात अडथळा येतो. बसले. डबा आणला नव्हता. रेडिओने विचारलं, "साहेब, तुम्ही दुपारी काय खाता?" त्यांना आठवेना. तिने तिच्या डब्याचं झाकण पुढे केलं, त्यात अर्धं काढून दिलं. साहेबांनी आधी बाकावर बोट फिरवून पाहिलं, मग खाल्लं. चाळीस मिनिटं पूर्ण बसले. मी त्यांची हजेरी लावली नाही, कारण नाव नोंदलेलं नव्हतं.

१८ एप्रिल

परीक्षा सोमवारी. आज उत्तरांची तयारी करून घेतली. प्रश्न पहिला: आता काम करताना जेवणाचं भान राहतं का? उत्तर: हो, पूर्ण राहतं. प्रश्न दुसरा: पूर्वी न राहण्याचं मूळ कारण काय? नमुना उत्तर: "माझी एकाग्रता प्रमाणाबाहेर होती." सगळ्यांकडून पाठ करून घेतलं. यातही दोष आणि गुण एकत्र बसतो, हे मॅडमनी मान्य केलं. म्हणाल्या, "तुमचा हात कोणी धरणार नाही."

पास झाल्या तर चाळीस मिनिटं कायमची, असं मॅनेजरांनी लेखी दिलं आहे. नाहीतर मंगळवारपासून परत दहा. ताईला घरीही म्हणून दाखवायला सांगितलं. तिने न चुकता म्हटलं आणि विचारलं, "आणि खरं कारण विचारलं तर?"

"हेच खरं."

"बरं," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

२१ एप्रिल

जेवायच्या खोलीतच परीक्षा झाली. टेबलामागे मी आणि मॅनेजर. एकेक बाई येत होती. भान राहतं का? हो, पूर्ण राहतं. मूळ कारण? माझी एकाग्रता प्रमाणाबाहेर होती. सतरा वेळा. मॅनेजर प्रत्येक वेळी मान हलवून टिपून घेत होते. रेडिओसुद्धा नमुन्याबाहेर एक शब्द बोलली नाही. बाहेर जाताना मात्र माझ्याकडे बघून गेली. का, ते कळलं नाही.

ताई शेवटी आली. पदर सारखा करून बसली.

मी विचारलं, "आता काम करताना जेवणाचं भान राहतं का?"

"हो सर, पूर्ण राहतं."

"पूर्वी न राहण्याचं मूळ कारण?"

ती थांबली. मला वाटलं विसरली. मी ओठांनी "एकाग्रता" म्हणून दाखवलं, मॅनेजरांना दिसणार नाही असं. तिने ते बघितलं. मग माझ्याकडे न बघता मॅनेजरांना म्हणाली,

"डबा एकच होता."

मॅनेजर म्हणाले, "म्हणजे?"

"म्हणजे तसंच, साहेब. घरात जेवणारी माणसं दोन आणि डबा एक. तो भरून मी ज्याला द्यायचा त्याला देत होते. मग दुपारी भान ठेवून करायचं काय?"

किती वर्षं मी संध्याकाळी तो डबा रिकामा करून तिच्या हातात दिला. एकदा तर भाजी तिखट होती म्हणून तक्रार केली होती. आणि ते वाक्य मी फळ्यावर लिहीत आलो.

मॅनेजर माझ्या कानाशी वाकले. "हे बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे. बरोबर धरायचं का?"

मी म्हटलं, "धरा. बरोबर एवढंच आहे."

त्यांनी टिपून घेतलं. मग पेन खाली ठेवून ताईकडे बघितलं. त्यांना काय कळलं, काय नाही, मला सांगता येत नाही. मागचे सतरा कागद त्यांनी पुन्हा चाळले नाहीत. उठताना म्हणाले, "चाळीस मिनिटं कायम. मी पण बसत जाईन म्हणतो."

घरी येताना आम्ही दोघं बसमध्ये शेजारी बसलो होतो. मी म्हटलं, "सांगायचंस ना तेव्हा."

"सांगितलं असतं तर तू डबा नेला असतास का?"

"नसता नेला."

"मग झालं तर." आणि ती खिडकीतून बाहेर बघायला लागली.

संध्याकाळी तिने नेहमीसारखं माझं ताट आधी वाढलं. मी म्हटलं, तू बस आधी. ती म्हणाली, अरे, बसते. मी म्हटलं, आधी. ती बसली. मी वाढलं. भाजी तिखट झाली होती, ती माझीच. तरी तिने सगळं संपवलं.

उद्या नवी तुकडी येते आहे. गोदामातले हमाल आहेत. पहिल्या आठवड्यात दोषाचा पाठ असतो. त्याला दुसरं नमुना उत्तर शोधायला हवं, आणि अजून सुचलेलं नाही.